पोवळीच्या शिंगराची जन्मतारीख

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

दीड वर्षाने आज पुन्हा कुणीतरी मला जुन्या कागदांचं काम दिलं. बरं वाटलं. जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईने निवृत्तीनंतर नागावच्या वाडीत नारळ मोजत बसावं, ही अपेक्षाच चूक आहे. या वहीची मागची पानं चाळली तर काय दिसतं? पंप बिघडला. पंप सुरू झाला. शेजारच्या होमस्टेमध्ये गाणी. अण्णांचं पोट.

काम असं. पोयनाडच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी शर्यतीच्या घोड्यांचा जुना फार्म आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे सत्तावीस वर्षं व्यवस्थापक होते. १९९८ साली फार्म बंद पडला. तो आता परेशभाईंनी घेतलाय. हे मुंबईचे व्यापारी, अलिबागला बंगला, शुक्रवारी रो-रो बोटीने गाडी आणायची आणि रविवारी न्यायची, असा त्यांचा नेम. आज मुद्दाम आडवारी आले. त्यांनी पुण्याहून एक घोडी विकत घेतली, ती याच फार्मवरच्या एका घोडीची पणती की खापरपणती निघाली. तेव्हापासून त्यांना फार्मचा इतिहास छापायची हुक्की आलीय. प्रत्येक घोड्याची वंशावळ आणि जन्मतारीख मी शोधून द्यायची, मुदत दोन महिने.

फार्मच्या जुन्या वह्या आमच्याच घरी आहेत. बंद पडला तेव्हा अण्णांनी दोन ट्रंका भरून आणल्या होत्या.

अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "कर. पण सगळंच छापायचं नसतं, विनू." शहाऐंशी वर्षांचा माणूस असं काहीतरी बोलतोच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रंका उघडल्या. झुरळं निघाली, वह्या शाबूत. दर वर्षाची एक, पाठीवर साल. घोडी कधी फळवली, कुठल्या नराशी, कधी व्याली, नर की मादी, रंग कोणता. सगळं अण्णांच्या अक्षरात. आमच्या ऑफिसातल्या कुणालाही दाखवावं असं दप्तर आहे.

घोड्यांच्या जगातला एक कायदा मला आधीपासून माहीत होता, पण त्याची धार आज कळली. शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. शिंगरू फेब्रुवारीत जन्मो की एप्रिलमध्ये, येत्या एक जानेवारीला ते एक वर्षाचं. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या ऑफिसातला निम्मा स्टाफ एक जूनला जन्मलेला होता. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, कधीचा? आई म्हणायची, लावणीच्या दिवसांतला. गुरुजी लिहायचे एक जून, आणि निवृत्तीला एकाच दिवशी चार-चार नारळ आणि शाली.

पण घोड्यांत याचा एक वाईट परिणाम आहे. एकतीस डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी उठून एक वर्षाचं होतं. मग जन्मभर आपल्यापेक्षा वर्षभराने मोठ्या घोड्यांबरोबर पळायचं. असं जनावर कुणी घेत नाही. म्हणून घोडी फेब्रुवारीच्या आधी फळवायचीच नाही, अकरा महिने मोजून जानेवारी गाठायचा. आणि म्हणूनच डिसेंबरअखेरच्या आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखांकडे सगळे संशयाने बघतात. मीही बघणार आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परेशभाईंच्या घोडीचं मूळ सापडलं. १९७६ साली जन्मलेली 'कोरल क्वीन'. सईस लोक तिला पोवळी म्हणायचे. घोड्यांची सरबराई करणाऱ्या माणसांना ही इंग्रजी नावं कशाला हवीत? मीही लहानपणी तिला पोवळीच म्हणत होते. तिच्या मुलीची मुलगी, तिची मुलगी, असं करत पाचव्या पिढीत आताची घोडी येते. चार जन्मतारखा वहीतल्या आणि छापील नोंदींतल्या तंतोतंत जुळल्या.

अण्णांना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. मी एका घोडीच्या बापाचं नाव चुकवलं तर लगेच दुरुस्त केलं. नंतर त्यांनी विचारलं, "कुठल्या सालापर्यंत आलीस?" म्हटलं, शहाऐंशी. "बरं," म्हणाले आणि कूस बदलली.

स्मरणशक्ती या वयाला इतकी असणं भाग्याचं आहे. सकाळची गोळी घेतली की नाही हे मात्र आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

१९८७ ची वही नाही. सत्तावीस वर्षांच्या सव्वीसच भरतात. दोनदा मोजल्या.

परेशभाईंना फोन करून सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अरे, सत्त्याऐंशीचं तर हवंच, विनिताबेन. येसाजीचा किस्सा त्याच सालचा ना? पुस्तकात थोडा मसाला पाहिजे."

किस्सा मला माहीत नव्हता. त्या वर्षी मी पुण्याला वसतिगृहात होते. परेशभाईंनी सांगितला तो असा. पोवळीचं एक शिंगरू, 'हार्बर लाइट', विकायला काढलं होतं. मुंबईहून बडं गिऱ्हाईक आलं. घोडा धरून येसाजी नावाचा सईस उभा. गिऱ्हाइकाने सहज विचारलं, कधीचा रे हा? येसाजी छाती काढून म्हणाला, एकतीस डिसेंबरचा साहेब, माझ्या हातावर जन्मला. गिऱ्हाईक गाडीत बसून परत. मालकाने वही मागवली, तर वहीत एक जानेवारी. म्हणजे येसाजीने थाप मारली, कुणी म्हणालं पगार वाढवला नाही म्हणून, कुणी म्हणालं दुसऱ्या फार्मने फितवला म्हणून. त्याला त्याच दिवशी काढलं.

"आमच्या तबेल्यात अजूनही कुणी फेकायला लागला की म्हणतात, येसाजीची तारीख सांगू नको," परेशभाई म्हणाले.

येसाजीकाका मला आठवतात. त्यांनी मला पोवळीवर बसवून फेरी मारली होती. ते खोटं बोलतील असं वाटलं नव्हतं, पण मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. कागद काय म्हणतो ते बघायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वही सापडली. अण्णांच्या कपाटात, आईच्या शालूखाली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. तिथे ठेवल्याचं ते विसरून गेले असणार. मी हातात धरून दाखवली तर वहीकडे न बघता म्हणाले, "पंख्याचा वेग कमी कर."

नोंद स्वच्छ आहे. "कोरल क्वीन. व्याली १-१-८७, रात्रौ २.१०. नर. तांबडा." खाली अण्णांची सही. खाडाखोड नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी एक मुलगी स्कूटरवर आली. वय बावीस-तेवीस. हेल्मेट काढलं आणि ओट्यावरूनच म्हणाली, "विनिताताई तुम्हीच ना? मी आरोही. येसाजी सईसांची नात."

मी तिला आत घेतलं, सरबत दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं.

"फार्मवर व्यायच्या घोड्यांसाठी माणूस हवंय. मी पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केलाय, अर्ज दिलाय. परेश सर म्हणाले, बघू. का बघू ते मला माहितीये. शिंगराच्या जन्माची वेळ आमच्या घरातल्या माणसाने लिहायची म्हणजे लोक हसतील."

"तसं ते म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. हसले." मग म्हणाली, "आणि आजोबांचा किस्सा पुस्तकात येणार म्हणे. येऊ द्या. ते खोटं बोलले असतील तर बोलले असतील, मी काही त्यांची वकील नाही. पण छापायच्या आधी त्यांना एकदा विचारा. त्यांना कुणीच काही विचारत नाही."

अण्णा आतल्या खोलीत झोपले होते. ती गेल्यावर बघितलं तर उठून पलंगाच्या कडेला बसलेले. म्हणाले, "कोण होतं?" सांगितलं. म्हणाले, "मोठी झाली असेल." अण्णा तिला कधी भेटलेच नाहीत, तेव्हा हे वाक्य काय म्हणून, ते कळलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मी हिशेब करून पाहिला. पोवळी आठ फेब्रुवारी ८६ ला फळवलेली. एक जानेवारीला तीनशे सत्तावीस दिवस होतात. जरा लवकर, पण घोड्या इतक्या दिवसांवर व्यातात. एकतीस डिसेंबर धरला तर तीनशे सव्वीस. एका दिवसाने गणित काहीच सिद्ध करत नाही. शिंगरू तपासणाऱ्या डॉक्टरांची वहीतली सही तीन तारखेची, म्हणजे तेही साक्षीदार नाहीत. साक्षीदार दोनच, लिहिणारे अण्णा आणि घोडीजवळचे येसाजी. एका बाजूला लेखी पुरावा, दुसऱ्या बाजूला तोंडी. अशा प्रकरणांत काय होतं ते मी तेहतीस वर्षं पाहिलंय.

संध्याकाळी परेशभाई आले. अण्णांच्या पाया पडले, शेजारी बसले आणि म्हणाले, "काका, त्या येसाजीच्या नातीने अर्ज केलाय. माणूस कसा होता तो?"

अण्णा खिडकीतून वाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "आता आठवत नाही."

परेशभाई माझ्याकडे बघून हळूच हसले. त्यानंतर दहा मिनिटांत अण्णांनी पोवळीच्या आजीचं नाव, तिला परदेशातून आणणाऱ्या बोटीचं नाव आणि बोट बंदरात लागली तो वार सांगितला. म्हातारपणची स्मृती अशीच असते. टोकाचं राहतं, मधलं जातं.

२ डिसेंबर, मंगळवार

येसाजीकाकांकडे जाऊन आले. आरोहीचं म्हणणं रास्त होतं, आरोपीचा जबाब घ्यायचाच असतो.

भातकापणी झालेली, खळ्यावर मळणी चाललेली. काका ओट्यावर पेंढ्याचे बंध वळत बसले होते. सुकलेत, पण बोटं चालतात. मला बघून म्हणाले, "अण्णासाहेबांची पोर ना तुमी? पोवळीवर बशिवलेलं तुमाला. रडलावतात."

मी रडले नव्हते असं माझं स्मरण आहे. पण ते असो. सरळ मुद्द्यावर आले. सवाल-जवाब जसे झाले तसे लिहून ठेवते.

"ते शिंगरू कधी जन्मलं, काका?"

"एकतीस डिसेंबर. बुधवारची अवस व्हती. त्या राती."

"रात्री किती वाजता?"

"अण्णासाहेबांनी बॅटरी मारून घड्याळ बघितलेलं. दोन वाजून धा मिन्टं."

मी लिहिता लिहिता थांबले. "दोन? म्हणजे बारा वाजून गेल्यावर?"

"मंग? बारा वाजल्याबिगर दोन कशे वाजतील?"

"मग तारीख एक झाली ना. एक जानेवारी."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शिकलेल्या माणसांना किती म्हणून समजवायचं. "एक कशी व्हईल, बाय? उजाडलं कुटं व्हतं? उजाडल्यावर बेस्तरवार, एक तारीख. त्याच्या आदी समदी बुधवारचीच रात."

मी लिहिलेली वेळ पुन्हा वाचली. आरोही उंबऱ्यात उभी होती.

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं किती वाजता ते? मालकांनी इचारलं, एकतीस कोन म्हनालं. मी म्हनालो, मी. ते म्हनाले, वहीत एक हाय. मी म्हनालो, आसंल. मला वाचाया येत न्हाय." त्यांनी एक बंध वळून बाजूला टाकला. "मंग म्हनाले, जा."

मी त्यांना समजावून सांगितलं, की वहीचा दिवस मध्यरात्री बदलतो आणि तुमचा सूर्य उगवल्यावर. तुम्हीही खरे आणि वहीही खरी. मला वाटलं त्यांना आनंद होईल. त्यांनी नुसती मान हलवली. निघताना विचारलं, "अण्णासाहेबांस्नी आयकू येतं का अजून?"

येतं म्हटलं.

"मंग बरं हाय," म्हणाले.

३ डिसेंबर, बुधवार

जुनं पंचांग तपासलं. ३१ डिसेंबर १९८६, बुधवार, मार्गशीर्ष अमावास्या. काका अचूक आहेत. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या, एका मालकाच्या आणि अडतीस वर्षं किस्सा सांगणाऱ्या सगळ्या तबेल्यांच्या.

आमच्या घरात तर हे रोजचंच होतं. माझा जन्म बावीस एप्रिलच्या पहाटे साडेतीनचा. दाखल्यावर बावीस, पण आई मला एकवीसलाच ओवाळायची. "एकवीसची रात्र ती," म्हणायची. अण्णा अलिबागहून पेढे आणायचे तेही एकवीसलाच. मी ऑफिसात लागल्यावर बावीस धरायला लागले तेव्हा ती दुखावली होती.

मला आज फार हलकं वाटतंय. तेहतीस वर्षांत इतका सरळ निकाल माझ्या हातून गेला नव्हता. दोन्ही पक्ष निर्दोष. जेवताना अण्णांना सविस्तर सांगितलं, येसाजींचे शब्द त्यांच्याच बोलीत म्हणून दाखवले. वालाचं बिरडं केलं होतं, ते त्यांनी तसंच टाकलं. कवळी टोचते बहुतेक. दंतवैद्याला फोन करायला हवा.

५ डिसेंबर, शुक्रवार

परेशभाईंना पंचांगाच्या पानासकट सगळं दाखवलं. त्यांना गंमत वाटली, पण व्यापारी माणूस. म्हणाले, "विनिताबेन, हे तुम्ही आता जुळवलंय. डोकं चांगलं चालवलंत. पण उद्या माझे ट्रेनर म्हणतील, बाईंनी गोष्ट बनवली. त्या दिवशी जे हजर होते त्यांनी म्हटलं पाहिजे. अण्णाकाका लिहून देतील? त्यांची सही आली तर किस्सा काढतो आणि मुलीला सोमवारपासून घेतो."

मला यात काही अडचण दिसली नाही. दुपारी मजकूर तयार केला. कोर्टाच्या भाषेत, पण सौम्य. "सदर शिंगराचा जन्म रात्रौ २.१० वाजता झाला. श्री. येसाजी यांनी प्रचलित लोकरीतीनुसार ती रात्र आदल्या दिवसाची धरून तारीख सांगितली. त्यांचे म्हणणे खरे होते. ही बाब तत्कालीन व्यवस्थापकांच्या त्या वेळी लक्षात आली नाही व गैरसमजातून श्री. येसाजी यांना कामावरून कमी करण्यात आले."

अण्णांना चष्मा दिला, पेन दिलं. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. शेवटाला आले आणि पेनाने "लक्षात आली नाही" हे शब्द खोडले. मग "गैरसमजातून" हाही खोडला. नीट, एका सरळ रेषेत, वहीत चूक दुरुस्त करायचे तसे.

"हे खोटं आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "कुठला भाग?"

"मीच बॅटरी मारली होती, विनू. घड्याळ मीच पाहिलं. येसा एकतीस म्हणाला तेव्हा मला तिथल्या तिथे कळलं तो काय म्हणतोय ते. आपल्या घरात तुझी आई दुसरं काय करायची?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. मालकांनी दोघांना ऑफिसात बोलावलं, विचारलं, खरं कोण. अण्णांनी वही उघडून समोर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

"वहीत खोटं नव्हतं. मी खोटं काही बोललो नाही," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "ते सोपं होतं. समजावत बसलो असतो तर मालक म्हणाले असते, दोघांनी मिळून तारीख फिरवली. मग वही गेली असती आणि मी गेलो असतो. एकटा तो गेला."

मी कागद परत घेतला. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली, बाई सकाळीच घासून गेली होती तरी.

६ डिसेंबर, शनिवार

मागची पानं वाचली. कुठल्या सालापर्यंत आलीस, शालूखालची वही, आता आठवत नाही, बिरडं. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, आणि मला काही दिसलं नाही. अभिलेख कक्षातली बाई.

मी रागावले आहे. येसाजीकाकांसाठी रागावले आहे असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. सत्तावीस वर्षांच्या त्या वह्यांचा मला अभिमान होता. मी त्या अक्षराकडे बघून नोकरी केली.

अण्णांशी दिवसभरात कामापुरतं बोलले. संध्याकाळी ते म्हणाले, "नुसत्या सहीने भागणार नाही. मला तिकडे घेऊन चल."

७ डिसेंबर, रविवार

सकाळी नऊला रिक्षा सांगितली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला. पोयनाडच्या अलीकडे फार्मची कमान आली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

येसाजीकाका ओट्यावरच होते. अण्णा काठी टेकत अंगणात आले. पूर्वी अण्णा तबेल्यात शिरले की सगळे सईस उठून उभे राहायचे, ते मी पाहिलंय. काका उठले नाहीत. आरोही आतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

अण्णा म्हणाले, "येसा, तू खरं बोलला होतास. मला ते तेव्हाच माहीत होतं."

काका म्हणाले, "तुमाला ठाव हाय, ते मलाबी ठाव व्हतं. घड्याळ तुमीच बघितलेलं."

इतके दिवस मी धरून चालले होते की त्यांना कुणी समजून घेतलं नाही हे त्यांचं दुःख आहे. ते तसं नव्हतं. त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

"चुकलो मी," अण्णा म्हणाले.

"मला नका सांगू. मी काय करू त्याचं?" काकांचा आवाज चढला नाही. "त्या पोरीला सांगा. माझीच नात. मला म्हनायची, आजोबा, आता तरी कबूल करा, मारली ना थाप."

आरोही खाली बघायला लागली.

अण्णा तिच्याकडे वळले. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. घोडी कधी बसली, येसाजींनी शिंगरू कसं ओढून घेतलं, घड्याळात किती वाजले होते, वहीत काय लिहिलं. मग वर्षभरानंतरचं. मालकांनी काय विचारलं आणि आपण काय बोललो नाही. तिला ते "तुम्ही" म्हणत होते. अण्णा इतकं सलग कुणाशी बोललेले मला आठवत नाहीत. मी लिहिलेल्या मजकुरापेक्षा ते लांब होतं आणि त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

संपल्यावर आरोही आजोबांना म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही…" आणि थांबली.

"वाटनारच," काका म्हणाले. "सगुनालाबी वाटायचं. धनी थाप मारून नोकरी घालवून बसला, आसं माहेरी सांगायची. गेली ती तसंच धरून गेली. आता तिला कोन सांगनार?"

सगुणा म्हणजे त्यांची बायको. जाऊन अकरा वर्षं झाली, असं आरोहीने नंतर सांगितलं.

ऊन अंगणात आलं होतं. अण्णा काठीवरचा भार या हातावरून त्या हातावर घेत होते, ते मला दिसलं. ओट्याच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी ती दिली नाही. आरोहीने दिली.